आधी वजाबाकी, मग शोध? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

ठाण्यातल्या कोपरीच्या शाळेत मुलं रोजच्या अडचणींवर स्वतः उपाय शोधून पाहतात, त्या ‘शोध तासा’वरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, “चौथीच्या पोरांना धड वजाबाकी येत नाही, त्यांना कसले शोध लावायला शिकवता? शोध हे प्रतिभावंतांचं काम. आणि प्रोजेक्ट शेवटी आईवडीलच करतात.”

शेवटचं अगदी खरं. म्हणूनच या तासाचं काहीही घरी जात नाही आणि प्रदर्शनही भरत नाही.

वजाबाकीचं मात्र पटलं नाही. शाळेत कशाचा वैताग येतो, एवढंच मुलांना विचारलं होतं. पावसाळ्यात वर्गाच्या दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग पडतो, लादीवर पाणी साचतं, कुणीतरी घसरतं. मुलांचं उत्तर हेच होतं. एका गटाने बाटली कापून छत्रीच्या टोकाखाली ठेवली. ती कलंडली. मग बुटकी बाटली घेतली, ती भरून वाहिली. एका छत्रीतून पाणी गळतं तरी किती? औषधाच्या मापाने मिलिलिटरमध्ये मोजलं, बाटलीत जागा किती उरते ते वजाबाकी करून काढलं. एकाचा हातचा चुकला, तो शेजारच्या मुलीने पकडला, कारण उत्तर चुकलं की पाणी थेट लादीवर! सर, वजाबाकीसाठी इतक्या पोटतिडकीने भांडणारी मुलं मी तरी आधी पाहिली नव्हती.

प्रतिभेचं म्हणाल, तर अंधांसाठी लिपी घडवणारा, स्वतः अंध असलेला लुई ब्रेल आठवा. शार्ल बार्बिए यांची बोटांनी वाचायची ठिपक्यांची लिपी त्याच्या आधीच होती. पण तिच्या एका खुणेत बारापर्यंत ठिपके, ते बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत. ही अडचण रोज त्याच्याच बोटांना जाणवत होती. त्याने ठिपके सहावर आणले, 1824 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी. जुनी लिपी त्याला पक्की येत होती, हे तुमच्या बाजूने जातं, आणि ते मला मान्यच आहे. पण ती बदलता येते, असं वाटायलाही सवय लागते. शाळेतच मुलांनी वस्तू बनवून पाहाव्यात म्हणून सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब आहेत, पण त्या सहावी ते बारावीसाठी. तोवर बरीच मुलं “बाई, हे बरोबर आहे का?” याच्यापलीकडे काही विचारेनाशी झालेली असतात.

मार्क आम्ही देत नाही. वहीत लिहायचं: अडचण काय, काय करून पाहिलं, का फसलं, काय बदललं.

कळव्याहून ठाणे एकच स्टेशन. एखाद्या शनिवारी या आणि त्या वहीतल्या वजाबाक्या तुम्हीच तपासा.