नववा माणूस आल्यावर

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला मोबाइलवर सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाच्या, सेक्रेटरींचा नंबर दिसला की आमच्या बेने इस्राएल यहुदी समाजातले निम्मे पुरुष अचानक आंघोळीला जातात. शुक्रवारच्या फोनला दुसरं कारणच नसतं. ‘संध्याकाळी येताय ना? आठ झालेत.’ हे ‘आठ झालेत’ सेक्रेटरी पहिल्या फोनपासून म्हणत असतात. त्या आठांत ते स्वतः, प्रार्थना चालवणारे हाजान आणि सिनेगॉगची देखभाल करणारे सामास धरलेले असतात. ज्याला फोन लावलाय तोही धरलेला असतो.

हिशेब असा आहे. आमच्या सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणायचं. दहा नसले तरी ज्याने त्याने आपापली प्रार्थना करावी, त्याला कुणाची हरकत नाही. पण मग बारखू, म्हणजे प्रार्थनेची हाक, म्हणता येत नाही, गेलेल्यांसाठीचं कद्दिश म्हणता येत नाही, केदुशा हे पावित्र्याचं स्तवन राहतं, आणि हेखाल, म्हणजे पवित्र कपाट, उघडून सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, वाचता येत नाही. नऊ रब्बी जमले तरी मिन्यान होत नाही. आम्हा बेने इस्राएलांकडे पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हतेच, हाजानावर भागलं. त्यामुळे प्रत्यक्षात प्रश्न नऊ रिटायर्ड बँकवाल्यांचा असतो.

१७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणायचे, आणि शेजारच्या स्टेशनाला मशीद हे नाव त्यावरूनच पडलं असं आम्ही पाहुण्यांना दर वेळी सांगतो. तेव्हापासून पुढची दीडशे वर्षं कमिट्यांपुढचा प्रश्न जागेचा होता. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली मुंबईला, ठाण्याला, पनवेलला येत राहिले, आणि जो तो बाकं वाढवत राहिला. १९४८च्या आसपास आम्ही वीसेक हजार होतो. मग लोक इस्राएलला गेले. आता चार-पाच हजार उरलोय, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात. बाकं मात्र दोनशे माणसांचीच आहेत. भक्कम सागवानी आहेत, त्यामुळे ती कमी करण्याचा ठराव दर वर्षी बारगळतो. दहा माणसं त्या बाकांवर अशी पांगून बसतात की मोजणाऱ्याला मान फिरवावी लागते.

मोजणं हे आणखी एक प्रकरण. माणसांना एक, दोन, तीन करून मोजायचं नाही, अशी रीत आहे. दावीद राजाने शिरगणती केली आणि रोगराई आली, ही कथा त्यामागे आहे. म्हणून स्तोत्रसंहितेतलं अठ्ठाविसाव्या स्तोत्राचं शेवटचं वचन घ्यायचं. हिब्रूत ते बरोब्बर दहा शब्दांचं आहे. एकेका डोक्याला एकेक शब्द. ‘होशिया’पासून सुरुवात करायची आणि ‘हाओलाम’ला पोचलो की मिन्यान. वचनाचा अर्थ ‘तुझ्या लोकांना तार’ असा आहे, आणि शेवटचे दोन शब्द हवेत लटकत राहिले की तो फार मनापासून म्हटला जातो. नवशिका मोजणारा हमखास दोन ठिकाणी चुकतो. एक तर स्वतःला मोजायचं विसरतो. नाहीतर खांबाआड बसलेल्या इस्रायली पर्यटकाला मोजतो, आणि तो पर्यटक नंतर डच वास्तुशास्त्राचा विद्यार्थी निघतो.

फोनवरच्या उत्तरांचा एक कोश मनात तयार ठेवावा लागतो. ‘बघतो’ म्हणजे नाही. ‘जमवतो’ म्हणजेही नाहीच, पण आवाजात प्रेम असतं. ‘निघालोय’ म्हणजे बनियनवर आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते जोडलेले हात आले तर तो होकार धरू नये. ते हात माफीचे असतात. खरा होकार एकच: ‘कुर्ल्याला आहे, गर्दी आहे, दुसरी पकडतो.’ एवढ्या तपशिलात कुणी खोटं बोलत नाही.

आणि हे सगळं सूर्यास्ताआधी उरकावं लागतं, कारण शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा आमचा विश्रांतीचा दिवस, लागला की फोनला हात लावायचा नाही. मेणबत्त्या सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य सहाला बुडतो, जुलैत सव्वासातच्या पुढे. म्हणजे ज्या महिन्यात माणसं ऑफिसातून सुटून सहज पोचू शकतात त्या महिन्यात पाऊस, आणि ज्या महिन्यात पाऊस नाही त्या महिन्यात साहेब सोडत नाही. शब्बाथला वाहनात बसायचंही नसतं, पण शनिवारी सकाळी कोण कशाने आला, हे आम्ही विचारत नाही. दहावा हेलिकॉप्टरने उतरला तरी विचारणार नाही.

हक्काची माणसं दोन प्रकारची. ज्याचे आई किंवा वडील गेलेत तो अकरा महिने कद्दिशसाठी येतो. त्याच्या दुःखात आम्ही अगदी मनापासून सहभागी असतो, पण सांत्वनाला गेलेल्या चौघांपैकी एकाने तरी मनात अकरा महिने मोजलेले असतात. दुसरा प्रकार म्हणजे तेरा पूर्ण होत आलेला मुलगा. त्याच्या बार मिट्झवाची, म्हणजे धर्मनियमांनी वयात येण्याच्या सोहळ्याची, तारीख त्याच्या आईपेक्षा सेक्रेटरींना जास्त पाठ असते, तीही हिब्रू कॅलेंडरप्रमाणे. बारा वर्षं अकरा महिन्यांचा, सहा फूट उंचीचा, मिसरूड फुटलेला मुलगा समोर बसलाय आणि तो धरता येत नाही, ही यातना काय असते ते कमिटीतच कळतं.

कमिट्या मात्र भरपूर आहेत. विश्वस्त मंडळ, सण कमिटी, मलिदा कमिटी, कब्रस्तान कमिटी, इमारत दुरुस्ती, वाचनालय (तीन कपाटं, एक किल्ली, किल्ली हरवलेली), तरुण मंडळ आणि महिला मंडळ. तरुण मंडळाच्या अध्यक्षांचा मोतीबिंदू गेल्या साली झाला. महिला मंडळ सोडलं तर सगळीकडे तेच सात जण. सभेची हजेरी पेणकर, रोहेकर, चेऊलकर, तळकर, किहिमकर, नवगावकर अशी सुरू होते आणि रायगड जिल्ह्याच्या एसटीचं वेळापत्रक वाचल्यासारखी संपते. सण कमिटी दुरुस्ती कमिटीला पत्र लिहिते तेव्हा लिहिणारा आणि उत्तर देणारा एकच असतो, आणि तरी उत्तराला तीन आठवडे लागतात.

ट्रस्ट म्हटला की धर्मादाय आयुक्त आलेच. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. त्याला ठरावाची प्रत, सभेची नोटीस, नोटीस पोचल्याचा पुरावा, हजेरीवहीची नक्कल, जुन्याचा राजीनामा, नव्याची संमती. यातलं नेमकं काय राहतं ते मी सांगतो: हजेरीवहीवरच्या सह्या. चहा आला की सही राहून जाते. पण आमच्या ट्रस्टच्या घटनेत एक दयाळू सोय आहे. गणपूर्ती नसली की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी, त्याच विषयांवर, आहेत तेवढ्यांत भरवायची. दुसऱ्या वेळी कोरमची अट नाही. वार्षिक सभा आम्ही वर्षानुवर्षं अशाच तहकूब करून यशस्वी केल्या आहेत. मिन्यानला ही सोय नाही. अर्धा तास थांबलं तरी नऊ ते नऊच. सूट एवढीच, की दहांनी सुरुवात केली आणि मध्येच कुणी उठून गेला, तर सहा जण उरेपर्यंत सुरू केलेला भाग पुरा करता येतो. त्यामुळे दहाव्याला लोकल पकडायला जाऊ देण्याची योग्य वेळ ठरवणं, ही हाजानाची खरी विद्या.

बायकांना मिन्यानमध्ये मोजत नाहीत. बाकी सगळं मोजणं त्यांच्याकडे असतं. मलिदा घ्या. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना, कुणी आजारातून उठला तर एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने मलिदा होतो. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथे एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात, तिथे बस करून जायचं. शंभर माणसांना जाडे पोहे पाच किलो, नारळ अठरा, साखर अडीच किलो, वेलची, दोन जायफळं, बदाम-पिस्ते खजिनदार मंजूर करतील तेवढे. पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे, भिजत घालायचे नाहीत. बोटांत दाबल्यावर दाणा मोडला पाहिजे पण चिकटता कामा नये. खोबरं वेगळं, साखर वेगळी, आणि एलियाहूचं गाणं सुरू झाल्यावरच सगळं एकत्र करायचं. पुरुषांपैकी कुणी मदतीला म्हणून आला तर तो हमखास साखर आधी घालतो. साखरेने पाणी सुटतं, वरचे पोहे कोरडे राहतात आणि पातेल्याच्या तळाशी पाक होतो. सकाळी सहाला खवलेलं खोबरं बसमध्ये झाकून ठेवलं तर अकराला आंबूस लागतं. म्हणून अठरा नारळ अख्खे न्यायचे आणि खवण्या तीन. खवणी विसरलेली कमिटी एकदाच विसरते.

मग ताट. मध्ये मलिद्याचा ढीग, भोवती फळं, वर गुलाब आणि सब्जाची डहाळी, कारण सुवासालाही बेराखा, म्हणजे आशीर्वचन, आहे. खजुराला झाडाच्या फळाचा बेराखा. केळ्याला मात्र जमिनीच्या फळाचा, कारण केळीला खोड म्हणावं असं लाकूड नसतं. दर मलिद्याला कुणीतरी नवा जावई ‘केळं तर झाडालाच लागतं’ म्हणतो, आणि वीस मिनिटं वनस्पतिशास्त्र चालतं. तोवर केळी काळी पडतात.

सुक्कोथच्या, म्हणजे मांडवांच्या सणाच्या, मांडवाची तऱ्हा वेगळी. आमचा हा सण पौर्णिमेला लागतो, बऱ्याच वर्षी कोजागिरीलाच. म्हणजे मांडववाला नवरात्राचे मांडव सोडत असतो आणि त्याच्याकडे बांबू, सुतळी, माणसं सगळं असतं. नसतो फक्त आमच्या बोलण्यावर विश्वास.

‘वर ताडपत्री किती मीटर?’

‘ताडपत्री नको.’

‘मग पत्रा?’

‘पत्रा चालत नाही. झावळ्या. त्याही विरळ. सावली उन्हापेक्षा जास्त पाहिजे, पण रात्री चांदण्या दिसल्या पाहिजेत.’

‘आणि पाऊस आला तर?’

‘तर आत जाऊन जेवायचं.’

‘मग शेठ, मांडव कशाला?’

या प्रश्नावर आमच्याकडे दोन हजार वर्षांचा ग्रंथव्यवहार आहे, पण त्याला त्या वेळी अ‍ॅडव्हान्स हवा असतो. भिंती दोन पूर्ण आणि तिसरी थोडीशी चालते, हे चुकूनही बोलू नये. तो तेवढीच बांधतो. मांडव झाडाखाली किंवा बाल्कनीखाली चालत नाही, उघडं आकाश लागतं. झावळ्या भिंती उभ्या झाल्यावरच टाकायच्या. सगळं नियमात बसवून आपण घरी जातो, आणि रात्री गडगडलं की मांडववाल्याचा पोरगा माणुसकीच्या नात्याने येऊन वर निळी ताडपत्री घट्ट बांधून जातो. सकाळी कमिटीतला सगळ्यात हलका माणूस शिडीवर चढतो.

दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी, हेखाल उघडण्याचा, सेफेर उचलण्याचा मान बोली लावून देतात. पाचशे एक, हजार एक, पुढे दोन भावांच्या घरांतलं जुनं काही उकरून निघालं तर पाच हजार एक. पण त्या दिवशी लिहायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही. सगळा ताळेबंद उपाशी खजिनदाराच्या डोक्यात. काही ठिकाणी नावांची कार्डं करून कोपरे दुमडतात. आमच्याकडे दोन साक्षीदार शेजारी बसवतात, तेही उपाशी. दुसऱ्या दिवशी पावत्या फाडताना तिघांच्या तीन रकमा येतात, आणि बोली लावणाऱ्याची चौथी, सगळ्यात कमी.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र पैशाचा प्रश्न नसतो. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, मलमलीतून गाळलेला किद्दुशचा, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वचनाचा, शरबत फ्रिजमध्ये असतो (बाहेर राहिला आणि फेस आला तर टाकायचा नाही, तो वाइनच्या दिशेने निघालेला असतो). नववा माणूस आलेला असतो. नववा आल्यावरच खरा जीव टांगणीला लागतो. सात असताना सगळे निवांत गप्पा मारत असतात. बारखूच्या आधीची स्तोत्रं नऊ जणांतही म्हणता येतात, त्यामुळे हाजान ती लांबवायला घेतात. एरवी दहा मिनिटांत उरकणारी चाल वीस मिनिटं चालते. मग शब्बाथच्या स्वागताचं गाणं, ‘लेखा दोदी’. त्याची नऊ कडवी, आणि प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद. हाजान ध्रुपद दोनदा घेतात. शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी उठून दाराकडे तोंड करायचं असतं, कारण शब्बाथ नवरीसारखा दारातून येतो आणि तिला ‘ये’ म्हणायचं असतं.

नऊ जण उठतात, वळतात, आणि दाराकडे टक लावून बघतात. वर बायकांच्या गॅलरीतल्या खिडकीतून स्टेशनकडचा रस्ता दिसतो. तिथून कुणीतरी आँटी घसा खाकरते, आणि हाजान त्याच कडव्याचा पहिला शब्द पुन्हा उचलतात.