तीन टनाचा टेलिहँडलर तीन टन नेमकं कुठे उचलतो?

टेलिहँडलर म्हणजे पुढे लांब होणारा हात, म्हणजे बूम, आणि त्याच्या टोकाला माल उचलायचे काटे असलेलं मशीन. सोलापुरातल्या बांधकामवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "रफ टेरेन फोर्कलिफ्ट आता बाद. एकच टेलिहँडलर भाड्यानं घ्या. तीन टन दुसऱ्या मजल्यावर पोचवतो, चिखलात अडत नाही, हायड्राचंही काम करतो, आणि जेसीबी येणारा कुणीही चालवतो." (रफ टेरेन फोर्कलिफ्ट म्हणजे खडबडीत जमिनीवर चालणारी फोर्कलिफ्ट, हायड्रा म्हणजे चाकांवरची क्रेन.) मला तो तिघांनी पाठवला. गप्प बसवेना, कारण त्यातलं पहिलं आश्वासन माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

तीन टनांचंच आधी बघू. जेसीबी कंपनीच्या लोडऑल नावाच्या टेलिहँडलरच्या एका मॉडेलवर ५३०-७० लिहिलेलं असतं. त्यातले ३० म्हणजे ३ टन, ७० म्हणजे ७ मीटर. हे दोन्ही आकडे खरे, पण बूम कितीही लांब काढला तरी खरे, असं नव्हे. ३ टन उचलायचे तर बूम आत ओढलेला हवा. भरलेली घागर कमरेवर सहज नेता येते. तीच हात लांब करून धरा. बूम आडवा पूर्ण बाहेर काढला की क्षमता निम्म्याच्याही खाली उतरते. किती लांबीला किती वजन, हे कॅबमधल्या लोड चार्टवर छापलेलं असतं. तो वाचणारे फार थोडे भेटले.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका साइटवर मी हे डोळ्यांनी पाहिलं. पॅलेटवर ५०० विटा, वीट तीन किलोची धरली तर दीड टन. मध्ये पायाचा खड्डा, म्हणून मशीन लांब उभं. मुकादम म्हणाला, "तीन टनाची मशीन हाय ओ, काय होत नाही." बूम पुढे सरकत गेला आणि मागची चाकं जमिनीवरून सुटली. ऑपरेटरनं बूम तसाच आत ओढला म्हणून वाचलो. घाबरून खाली सोडला असता तर वजन आणखी पुढे गेलं असतं. उरलेल्या विटा आम्ही अर्ध्या अर्ध्या पॅलेटनं चढवल्या.

मग फोर्कलिफ्ट बाद कशी? तिचा मास्ट, म्हणजे काटे वर-खाली नेणारा खांब, उभा असतो, माल वर जाताना पुढच्या चाकांपासून फारसा लांब जात नाही. उंचीवर तिचीही क्षमता थोडी उतरते, पण बूमसारखी घसरत नाही. ट्रकमधून सिमेंट, ब्लॉक उतरवून थप्पी लावायची, हेच काम दिवसभर असेल तर मी तिलाच बोलावतो. काटे ऑपरेटरच्या नजरेसमोर असतात. टेलिहँडलरचा बूम कॅबच्या उजवीकडे असतो, त्या बाजूचं माणूस पटकन दिसत नाही. यार्डात हमाल फिरत असतात तिथे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. खड्ड्यापलीकडे किंवा स्लॅबच्या आत माल ठेवायचा असेल तर मात्र फोर्कलिफ्ट काहीच करू शकत नाही. तिथे टेलिहँडलरच हवा, हे मान्य.

चिखलाचं म्हणाल तर आपली काळी माती दोघांनाही सोडत नाही. सप्टेंबरच्या पावसात ती फुगते, आणि चारही चाकांना ताकद असली तरी भरलेलं मशीन रुततं. एका बाजूचं चाक खचलं की वर गेलेला बूम त्याच बाजूला झुकतो. आधी मुरूम टाकून दाबून घ्या, मग मशीन बोलवा.

हायड्राचं काम? कंपनीनं त्या मॉडेलसाठी दिलेला हूक असेल आणि त्याचा वेगळा लोड चार्ट असेल तरच. काट्यांना पट्टा गुंडाळून लोखंड लटकवू नका. पट्टा घसरतो, माल झुलतो.

राहिला ऑपरेटर. आपल्याकडे जेसीबी म्हणजे बकेटवालं खोदायचं मशीन. ते दहा वर्षं चालवलेला माणूसही लांब बूमवरच्या वजनाचा अंदाज पहिल्या दिवशी घेऊ शकत नाही. भाड्याचं बोलताना मी त्यालाच कॅबमध्ये बसवून विचारतो: तीन मीटर पुढे किती उचलशील? चार्टवर बोट ठेवून आकडा सांगितला तरच त्याच्या हाती मशीन देतो.