गुरू बघितला. कसा होता? गोल.

शनिवारी वेधशाळेत आकाशदर्शनाला जाऊन आलो. आधीच सांगतो, मजा आली, तुम्हीपण जा. पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात घोळतीये, ती लिहितोच.

मोठ्या दुर्बिणीपुढे ही रांग! पाऊण तासाने नंबर लागला, शिडीवर चढलो, कुठला डोळा मिटायचा ह्यात पाच सेकंद गेली, मग चष्मा काढू की राहू देऊ ह्यात अजून चार, मग आपल्याच पापण्या दिसल्या, आणि शेवटी एकदाचा गुरू दिसला, पांढरट गोळा, शेजारी एका रेषेत तीन ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, आणि लगेच मागून "चला, पुढचे". उतरलो. बायकोने विचारलं, कसा होता? म्हटलं, गोल. (चष्म्याचं उत्तर नंतर कळलं. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर काढायचा, फोकस फिरवून भागतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर राहू द्यायचा.)

पुढच्या दुर्बिणीवर मृग नक्षत्रातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकणारा ढग) होता आणि तिथं तर लोक चक्क वैतागून उतरत होते. "हे एवढंच? फोटोत गुलाबी असतो की!" अहो, फोटोत कॅमेरा कितीतरी वेळ प्रकाश साठवत बसलेला असतो, आपला डोळा तसा साठवत नाही, आणि इतक्या कमी उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास कामच करत नाहीत, म्हणून बहुतेकांना तो राखाडी धुरासारखा दिसतो. सुमारे 1300 प्रकाशवर्षांवरचा धूर आहे तो! पण हे शिडीवर चढायच्या आधी कुणी सांगतच नाही. अंधुक गोष्टीकडे रोखून बघायचं नसतं, जरा बाजूला नजर ठेवायची म्हणजे ती जास्त उजळ दिसते, कारण अंधारात बघणाऱ्या पेशी डोळ्याच्या बरोब्बर मध्यावर नसतातच, हेही नाही. आणि रांगेतला प्रत्येकजण नंबर येईपर्यंत मोबाईलमध्ये तोंड घालून. डोळ्याला अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती एका व्हॉट्सॲप मेसेजला गेली. मग म्हणायचं काही दिसलं नाही. (मीपण दोनदा बघितला मोबाईल, कबूल.)

अकराच्या सुमारास थंडीने गर्दी पांगली. कोपऱ्यात एक साधी आठ इंची दुर्बीण होती, मोटर वगैरे काही नाही, हाताने ढकलायची. कॉलेजातली एक मुलगी ती सांभाळत होती. म्हणाली, "काका, आता कुणी नाहीये, बघा हवं तेवढं."

तिथं खरा गुरू बघितला मी. पहिला अर्धा मिनिट तोच गोळा, उकळत्या पाण्याच्या तळाशी नाणं पडल्यासारखा लटलटणारा. ती म्हणाली, हवा हलतीये, थांबा, डोळा काढू नका. आणि मग मधेच एखादा सेकंद हवा शांत झाली की गोळ्यावर दोन तपकिरी पट्टे एकदम स्वच्छ, की परत गेले. परत आले. तोवर गुरू हळूच सरकत कडेला जायचा, कारण खाली आपली पृथ्वी फिरतीये, की नळी जराशी ढकलायची. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं, पण तिच्या फिरण्यामुळे हाताने दुर्बीण सरकवावी लागते हे पहिल्यांदा कळलं.

आणि ठिपके चार होते! मी म्हटलं, अगं मघाशी तीनच होते. ती इतकी खूश झाली की जणू मीच शोध लावला. म्हणाली, आयो नावाचा चंद्र मघाशी गुरूच्या मागं होता, तो जेमतेम साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, आता बाहेर आला. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओलासुद्धा पहिल्या रात्री, 7 तारखेला, तीनच दिसले होते, चार दिसायला 13 तारीख उजाडली. ह्याच आयोच्या लपाछपीच्या वेळा मागंपुढं होतात त्यावरून रोमर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने 1676 मध्ये दाखवून दिलं की प्रकाशालाही यायला वेळ लागतो.

तर माझं म्हणणं एवढंच. एका रात्रीत सात-आठ गोष्टी दाखवायचा अट्टाहास कशाला? दोनच दाखवा, पण माणशी निदान दोन मिनिटं द्या, आणि कसं बघायचं ते रांगेतच शिकवा, तसंही पाऊण तास मोकळेच उभे असतो आम्ही. मान्य आहे, दोन मिनिटं दिली तर निम्मे लोक न बघताच परत जातील आणि शिव्या ह्या बिचाऱ्या पोरांनाच पडतील. मग आधी नावनोंदणी घ्या, कमी लोक बोलवा, जास्त रात्री ठेवा. दहा सेकंदांत दोनशे जणांना "गोल" दाखवण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. कुणाला पटणार नाही, चालेल.

काल घरची जुनी द्विनेत्री काढली. नुसत्या हातात फार हलते, म्हणून गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकवून बघितलं, तर ठिपके दिसले की! पण तीनच. वाट बघत बसलो, ढग आले. आज परत जातोय वर.