घाटात भाकरीच लागते

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी भाकरी-भात सोडून तूप, खोबरं, अंडी यांवर राहावं, हे एका लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. २०० किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला) साडेतेरा तास मिळतात. त्या संथ चालीत चरबीवर भागतं. पण सोलापूरहून निघून तुळजापूरचा घाट लागला की भागत नाही! तेवढ्याच ताकदीसाठी चरबीला भाकरी-भातापेक्षा ऑक्सिजन जास्त लागतो. क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांच्या २०१७च्या अभ्यासात चरबीप्रधान आहारावर चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंची चरबी जास्त जळली, वेळ मात्र सुधारली नाही.

आणि मिठाचं काय? पिष्टमय पदार्थ कमी केले की लघवीवाटे सोडियम जास्त जातं. इथल्या एप्रिलच्या उन्हात जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात, तेव्हा नुसतं पाणी पिऊ नका रे, मीठ-लिंबू घाला. घाटाच्या दिवशी खिशात शेंगापोळी ठेवा. तिच्यात गूळही आहे, दाण्याचं तेलही.