मेंदूच्या गाठीतली ‘वाळू’ दुधातून येत नाही

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मेनिंजिओमाच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणात होणाऱ्या गाठीच्या, रिपोर्टमध्ये ‘सॅमोमा बॉडी’ असं लिहिलं असेल तर मेंदूत कॅल्शियम साचलंय, दूध बंद करा. पेशींची केंद्रकं वेडीवाकडी असतील तर तो कॅन्सरच. आणि ग्रेड १, म्हणजे तिन्हींत सर्वांत सौम्य ग्रेड, असेल तर पुन्हा तपासायची गरज नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, स्लाइड बघण्यातच माझा दिवस जातो. हा मेसेज वाचून ऑपरेशन झालेल्या एका आजींनी दूध सोडलं, तेव्हा मला राहवलं नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून दूध देणारं हे आपलं गाव!

आधी दुधाचं बघू. मेनिंजिओमा मेंदूतून नाही, त्याच्या आवरणातल्या अरॅक्नॉइड थराच्या पेशींतून उगवतो. या पेशींना एकमेकींभोवती गुंडाळायची सवय असते. स्लाइडवर त्यांची वेटोळी दिसतात. वेटोळ्याच्या मधल्या पेशी मरतात आणि तिथं कॅल्शियमचे क्षार थरावर थर बसतात, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखे. हीच ती सॅमोमा बॉडी. ग्रीक भाषेत ‘सॅमोस’ म्हणजे वाळू. रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड ग्रंथी काटेकोर सांभाळतात, पेलाभर दूध जाऊन मेंदूच्या आवरणावर बसत नाही. उलट, भरपूर कॅल्शियम बसलेल्या गाठी बहुधा सावकाश वाढतात. आजी, दूध प्या.

केंद्रकांचं म्हणाल, तर मोठी, गडद, विचित्र केंद्रकं निव्वळ जुनाट गाठीतही दिसतात. तेवढ्यावरून ग्रेड वाढत नाही. आम्ही मोजतो ते पेशीविभाजन. मोठ्या भिंगाखालच्या सलग १० क्षेत्रांत ४ किंवा जास्त विभाजनं दिसली तर ग्रेड २, २० किंवा जास्त असली तर ग्रेड ३. गाठ मेंदूत घुसलेली असली तरीही ग्रेड २. कवटीच्या हाडात शिरली, एवढ्यावरून मात्र ग्रेड चढत नाही, आणि यावरून घरचे लोक विनाकारण हादरतात.

तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो. बहुतेक मेनिंजिओमा ग्रेड १ असतात हे खरं. पण कवटीच्या तळाशी, नसांना चिकटलेली गाठ सर्जनला पूर्ण काढता येत नाही, आणि उरलेला तुकडा काही वर्षांनी वाढू शकतो. गाठ किती निघाली यावर ती परतण्याचा धोका ठरतो, हे न्यूरोसर्जन सिम्प्सन यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा न्यूरोसर्जनने एमआरआयची तारीख दिली असेल, तर ग्रेड १ वाचून ती चुकवू नका.