बूट एक नंबर मोठे? कशासाठी?

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो: बूट नेहमी एक नंबर मोठे घ्या, दुकानात टोचले तरी घालून घालून सैल होतात, आणि सह्याद्रीसाठी वॉटरप्रूफच हवेत. (मोठे घेतल्यावर टोचतील कसे, हे मेसेजवाल्यालाच ठाऊक.)

आधी नंबराचं बघू. उतरताना बोटं आपटून नखं काळी पडतात, म्हणून हा सल्ला. बोटांपुढे एक-दीड सेंटीमीटर जागा हवीच. पण टाच घट्ट बसली नसेल तर पाय ती जागाही ओलांडून पुढे सरकतो आणि बोटं आपटायची ती आपटतातच. यूके मापात एका नंबराने लांबी साडेआठ मिलिमीटर वाढते, सोबत घेरही वाढतो. मग टाच वर-खाली होते, फोड येतात आणि हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या सुट्या दगड-मातीच्या घसाऱ्यावर पाऊल नेमकं पडत नाही.

मोठा नंबर घेणाऱ्या अनेकांना खरं तर लांबी नाही, रुंदी कमी पडत असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये लाखभर लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद निघाले. बाजारातले साचे मात्र बहुतेक तिकडचेच. म्हणून बुटातलं इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. चवडा कडेबाहेर आला तर नंबर नको, रुंद पंजाचं दुसरं मॉडेल मागा. हे संध्याकाळी करा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. मोजे ट्रेकचेच घाला. नाडी बांधून दुकानाचा जिना उतरा. टाच उचलली जात असेल तर वरच्या छिद्रांत नाडीचा फास करून पुन्हा उतरा. तरीही उचलली तर तो जोड तुमचा नाही.

‘सैल होतात’ हे अर्धवट खरं. चामडं पंजापाशी थोडं मऊ पडतं, सिंथेटिक फारसं बदलत नाही. लांबी कुणाचीच वाढत नाही.

वॉटरप्रूफचं म्हणाल तर जुलैत ओढा ओलांडताना पाणी घोट्यावरून आत शिरतं, आणि मग बुटाचं वॉटरप्रूफ अस्तर ते पाणी बाहेरही जाऊ देत नाही. इथे जाळीचे, पटकन निथळणारे बूट बरे. हिमालयात बर्फातून चालायचं असेल तर मात्र वॉटरप्रूफ जरूर घ्या.