अंगात आलेला तंबोरा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे. कंटाळा आला तर खुशाल अंगठ्याने वर ढकला, नाहीतरी आजकाल सगळ्यांना तेवढंच जमतं.

झालं असं, की सकाळी एक्स्प्रेस वेवरून पुण्याला येत होतो. शेजारी भाचा, वय वर्षं एकोणीस. मोठ्या हौसेने त्याला आयर्न मेडन ह्या हेवी मेटल बँडचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' लावून दिलं. १९८४ सालच्या 'पॉवरस्लेव्ह'मधलं शेवटचं गाणं, तेरा मिनिटांच्या वर जाणारं. खालापूरचा टोलनाका मागे पडला आणि तो मधला भाग आला. गिटारी थांबतात, ड्रम थांबतात, जहाजाची लाकडं करकरायला लागतात, बेस गिटार एकटीच दबकत चालत राहते आणि खोल आवाजात कुणीतरी कवितेच्या ओळी म्हणतं. तर साहेबांनी स्क्रीनवर बोट लावलं आणि गाणं सरळ पुढे ढकललं. "मामा, इथे काही वाजतच नाहीये."

मी लोणावळ्यापर्यंत गप्प. फूड मॉलला चहाला थांबलो तेव्हा माझी समजूत काढायला त्याने एक रील दाखवलं. त्याच गाण्यातला गिटारचा सोलो, वीसेक सेकंदांचा, आणि वर एक इसम आरशासमोर दंड फुगवतोय. खाली लिहिलंय, 'एपिक'.

एपिक म्हणे! अरे, तो सोलो भव्य वाटतो तो त्याच्या आधीच्या करकरीमुळे. ती कापलीस की उरतं काय? जोरात वाजणारी गिटार. तशी तर आमच्या कोपऱ्यावरच्या डीजेकडेही आहे.

माझ्या डोक्यात हे पक्कं कुणी बसवलं, तर आमच्या बाबांनी. १९९९ साल, डोंबिवलीतल्या दोन खोल्या, मित्राकडून भरून आणलेली ह्याच गाण्याची कॅसेट. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मेटल म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी. त्या संध्याकाळी मात्र आतून आले, पंच्याला हात पुसत म्हणाले, "थांब. जरा मागे घे ते." मग खाली बसून पेटी ओढली, दोन-तीन पट्ट्या चाचपल्या. "पांढरी तीन." म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर. पुन्हा ऐकलं. मग सा आणि प एकदम दाबून धरले, भात्याने हवा देत राहिले आणि म्हणाले, "बघ, ह्या जाड गिटारी गंधार लावतच नाहीयेत. मोकळा सा-प. हा तर तंबोरा झाला. फक्त अंगात आलेला."

इतक्या वर्षांत मेटलची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. पॉवर कॉर्ड, पॉवर कॉर्ड म्हणून जे म्हणतात ते हेच, षड्ज आणि पंचम. गंधार आला की कॉर्ड हसरी की रडकी ते ठरतं. इथे तो कुणी वाजवतच नाही, त्यामुळे जागा रिकामी राहते, देवळाच्या गाभाऱ्यासारखी. त्यात हा सा-प डिस्टॉर्शनमधून, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या करामतीतून गेला की खाली आणखी एक सा घुमायला लागतो, जो कुणी छेडलेलाच नसतो. खर्जाची तार नीट मिळाली की तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो ना, त्याच जातीची जादू. न वाजवलेला सूर ऐकू येणं. मग वरून गाणारा किंवा दुसरी गिटार कोमल गंधार आणून ठेवते आणि पोटात खड्डा पडतो. मेडनची ती कायमची चाल आठवा, सा, मग कोमल धैवत, मग कोमल निषाद, आणि परत सा. आसावरी थाटाचे सूर. (थाट म्हणतोय, राग नव्हे. बाबा वाचत असतील तर रागावू नका.)

आणि हा जडपणा आला कुठून, तर बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यातून. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तिथल्या मशीनमध्ये गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे नेमका सूर दाबायचा हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुढे तारा सैल केल्या, म्हणजे दाबायला सोपं. १९७१ पर्यंत तो तीन अर्धस्वर खाली उतरला होता. पांढरी तीनवरून काळी एकला! म्हणजे बाबांच्याच पट्टीत, हे त्यांना सांगितलं तेव्हा केवढे खूश झाले होते. त्याआधी १९७० मधलं सॅबथच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं ऐका. पाऊस, घंटा, आणि मग तीन सूर. सा, वरचा सा, तीव्र मध्यम. बस्स. तीन सुरांत अंगावर काटा. वेग किती? आजोबा जिना चढतात तेवढा.

पण नुसते सूर नाहीत. मला जे म्हणायचंय ते वेगळंच आहे. ही गाणी कुणाची आहेत ते बघा. हे सगळे लोक तलवारी आणि ड्रॅगन एवढंच बघतात. रेनबो बँडचं 'स्टारगेझर' घ्या, १९७६ चं. एक जादूगार आकाशापर्यंत मनोरा बांधून घेतोय. गाणं कोण सांगतंय? जादूगार नाही. उन्हात दगड वाहणारा गुलाम. त्यांचा गायक डिओ त्या गुलामाच्या गळ्याने गातो, जादूगार वर चढतो आणि पडतो, आणि खाली उभ्या माणसाला कळत नाही की आता आपण कुठे जायचं. मेडनचं 'हॅलोड बी दाय नेम', १९८२. सुरुवातीला घंटेचे टोल, कोठडीत फाशीची वाट बघणारा एकटा माणूस. माणूस एवढासा आणि समोर जे आहे ते अफाट. भव्यता ह्या दोघांच्या मधल्या अंतरात असते रे बाबांनो! दंडात नसते!

हो, मनोवॉर बँडवाले येतील आता. कातड्याच्या चड्ड्या घालून तलवारी उपसणारे. बरं, त्यांचीही दोन-तीन गाणी अंगावर येतात. झालं समाधान? आणि ऑर्केस्ट्रा लावला की भव्य होतं असं समजणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. 'स्टारगेझर'मध्ये म्युनिकचा फिलहार्मोनिक आहे, कबूल. पण तिथे गाणं आधीच एवढं उंच आहे की वाद्यवृंद त्याच्या मागे डोंगरासारखा उभा राहतो. बाकीच्यांचं म्हणजे पिठल्यावर चांदीचा वर्ख.

असो. थोडं शांत होतो.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं होतं, गोष्ट काय आहे ह्याची? मी माझ्या तोडक्यामोडक्या अकलेने सांगितली. इंग्रज कवी कोलरिजची १७९८ ची कविता. खलाशी एक पक्षी मारतो, अल्बट्रॉस. मग वारा पडतो, चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. सोबती मेलेला पक्षी त्याच्या गळ्यात बांधतात. सगळे मरतात, हा एकटा राहतो. पाण्यातल्या जिवांना मनापासून आशीर्वाद देतो तेव्हा तो पक्षी गळ्यातून सुटून पडतो. आणि शिक्षा अशी, की जन्मभर गावोगाव फिरून हीच कथा सांगायची. बाबा म्हणाले, "म्हणजे कीर्तनकार झाला म्हण की."

१ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीच्या मैदानात हेच गाणं समोर ऐकलं. त्या जगदौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम आपल्या मुंबईत, आणि गायक ब्रूस डिकिन्सन बँडचं बोइंग ७५७ स्वतः उडवत आला होता. घशात धूळ, पायाचे तुकडे पडलेले. मधला भाग आला. माझ्या पुढे एक दांडगा पोरगा होता, काळा टीशर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आतापर्यंत नुसता धक्के देत होता. तो डोळे मिटून स्तब्ध उभा राहिला. हात दोन्ही बाजूंना, शाळेत प्रार्थनेला ठेवायचो तसे. आमच्या कोपऱ्यात तर कुणी शिट्टीही मारली नाही. मग तळातून हळूहळू ते सगळं वर चढायला लागलं, ब्रूसची लांब किंकाळी आली आणि गिटारी सुटल्या. मी रडलो होतो. लिहून टाकलं एकदाचं.

आता एक गोष्ट, जी वर लिहिताना मी हळूच गाळली. बाबा १९९९ मध्ये "थांब, मागे घे" म्हणाले ते का? कारण मी तो करकरीचा भाग फॉरवर्ड करत होतो. मलाही सोलोच हवा असायचा. बटण दाबून धरायचो, कॅसेट चिवचिव करत पळायची. बाबा आतून ओरडले होते, "आलाप कशाला पळवतोस?"

त्यामुळे भाच्यावर किती चिडावं ते मला कळेना. पुण्याला पोचल्यावर त्याला मिसळ खाऊ घातली. चिडलेलोच होतो, पण घातली.

संध्याकाळी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली, कानाला मशीन आहे, त्यात पेटीसुद्धा पत्र्यासारखी ऐकू येते म्हणतात. मला वाटलं विसरले असतील. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते लाकडं करकरतात ते ना? ये रविवारी घेऊन. त्यालाही आण. आणि येताना मशीनचे सेल आण, तीनशे बारा नंबरचे. मागच्या वेळी चुकीचे आणले होतेस."